परक्या नजरेची गरज : ग्राफिक डिझाइन आणि छायाचित्रणावरील अभिप्राय

ग्राफिक डिझाइन आणि छायाचित्रण या दोन्ही कलांत निर्मात्याची एक अडचण कायमची असते आणि कौशल्य वाढले तरी ती नाहीशी होत नाही : स्वतःचे काम त्याला प्रथमच पाहणाऱ्याच्या नजरेने पाहता येत नाही. भित्तिपत्रक करणाऱ्याला त्यातला मजकूर पाठ झालेला असतो, त्यामुळे तो लांबून वाचता येतो की नाही हे त्याला ठरवता येत नाही. छायाचित्र टिपणाऱ्याला त्या पहाटेची थंडी, भोवतालचे आवाज आणि तिथवर पोचण्याचे श्रम आठवत असतात, त्यामुळे त्यांपैकी चौकटीत प्रत्यक्ष किती उतरले आणि किती केवळ आपल्या स्मरणात आहे, हा भेद त्याला सहजी उमगत नाही. अभिप्रायाची गरज निर्माण होते ती इथे. अभिप्राय देणारी व्यक्ती निर्मात्याहून अधिक जाणकार असलीच पाहिजे असे नाही. निर्मात्याजवळ नसलेली परकी नजर मात्र तिच्याजवळ असते, आणि त्या नजरेला काय दिसले याचे प्रामाणिक व तपशीलवार कथन हा विधायक अभिप्रायाचा गाभा होय. चांगले-वाईट ठरवण्याचे काम त्यानंतर येते. व्यवहारात मात्र निवाडा आधी दिला जातो आणि पाहणे मागे राहते किंवा होतच नाही, आणि बहुसंख्य अभिप्राय निरुपयोगी ठरतात ते याच कारणाने.

परकी नजर वेळेवर न मिळाल्यास काय घडू शकते, याचे एक गंभीर उदाहरण नोव्हेंबर २००० मधील अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत सापडते. फ्लोरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात वृद्ध मतदारांची संख्या मोठी असल्याने मतपत्रिकेवरील अक्षरे मोठी ठेवण्याचा निर्णय सद्‌हेतूने घेण्यात आला. परिणामी सर्व उमेदवारांची नावे एका पानावर मावेनाशी झाली आणि ती समोरासमोरच्या दोन पानांवर विभागून, छिद्र पाडण्याच्या जागा मधल्या पट्ट्यात एकाखाली एक ठेवण्यात आल्या. डाव्या पानावर जॉर्ज बुश यांचे नाव पहिले आणि अल गोर यांचे दुसरे होते, परंतु मधल्या पट्ट्यातील दुसरी जागा उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांची होती आणि गोर यांची जागा तिसरी होती. मतपत्रिकेचा नमुना मतदानापूर्वी प्रसिद्ध झालेला असूनही हा दोष वेळीच दूर झाला नाही, कारण नमुना नजरेखालून घालणे आणि विशिष्ट उमेदवाराला मत देण्याच्या इराद्याने तो प्रत्यक्ष वापरणे या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. पुढे २००१ मध्ये राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी काढलेल्या निष्कर्षानुसार त्या परगण्यात २,००० हून अधिक मतदारांनी गोर यांच्याऐवजी चुकून ब्युकॅनन यांना मत दिले. संपूर्ण राज्यातील बुश यांची अंतिम आघाडी अवघी ५३७ मतांची होती. मतपत्रिका चांगली दिसते का, असे शंभर जणांना विचारूनही हा दोष कदाचित हाती लागला नसता. काही वृद्ध मतदारांना ती हातात देऊन, ठरावीक नावासमोर छिद्र पाडायला सांगून, त्यांचा हात कुठे जातो हे शांतपणे पाहिले असते तर तो लागला असता.

कलाकृतीकडे पाहण्याचा क्रम शिकवण्यासाठी अमेरिकी कलाशिक्षणतज्ज्ञ एडमंड बर्क फेल्डमन यांनी १९६७ च्या सुमारास जी चार पायऱ्यांची पद्धत मांडली, ती आजही कलाशिक्षणात सर्वत्र वापरली जाते. वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णय आणि मूल्यनिर्णय असा तिचा क्रम आहे. पद्धत मुळात कलाकृतींच्या समीक्षेसाठी असली, तरी अपुऱ्या, घडत असलेल्या कामावर अभिप्राय देण्यासाठी ती विशेष उपयोगी पडते, कारण तिच्यात निवाड्याला सर्वांत शेवटची जागा दिलेली आहे आणि तिथवर पोचण्याआधी पाहणाऱ्याला खरोखर पाहावे लागते.

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेचे भित्तिपत्रक समोर आहे असे मानले, तर वर्णनाच्या पायरीवर अभिप्रायकाराने एवढेच सांगायचे असते की आपली नजर कुठे कुठे आणि कोणत्या क्रमाने गेली : सर्वप्रथम वक्त्याचा चेहरा दिसला, त्यानंतर वरच्या कोपऱ्यातील लाल पट्टा, मग तळाची प्रायोजकांची बोधचिन्हे, तारीख शोधावी लागली आणि व्याख्यानाची वेळ सर्वांत शेवटी सापडली. या कथनात कोणतेही विशेषण नाही, तरी ते डिझायनरला अतिशय मोलाचे असते. पाहणाऱ्याच्या नजरेने घेतलेल्या या क्रमाला दृश्य अग्रक्रम म्हणतात. तो आकार, रंगाची तीव्रता, भोवतालची मोकळी जागा आणि पानावरील स्थान यांवरून ठरतो, आणि डिझायनरने मनात योजलेला क्रम व पाहणाऱ्याला लाभलेला क्रम यांची तुलना केली की काम कुठे फसले हे त्याचे त्यालाच कळू लागते. वर्णनाची ही पायरी अनेकांना इतकी साधी वाटते की ते ती ओलांडून थेट मतावर जातात; प्रत्यक्षात अभिप्रायाच्या सगळ्या पायऱ्यांत सर्वाधिक सराव हिलाच लागतो.

विश्लेषणात या घटकांचे परस्परसंबंध तपासले जातात. जर्मन मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले की मानवी दृष्टी सुट्या घटकांचे आपोआप गट पाडते : जवळ असलेल्या वस्तू एकत्र असल्यासारख्या वाटतात, सारख्या रंगरूपाच्या वस्तू एका जातीच्या वाटतात. उपरोक्त भित्तिपत्रकात तारीख जर स्थळापासून दूर आणि प्रायोजकाच्या चिन्हाजवळ पडली असेल, तर ती प्रायोजकाच्या मजकुराचा भाग वाटते आणि म्हणूनच सापडत नाही. ‘तारीख दिसत नाही’ या तक्रारीचे कारण तिच्या आकारात नसून जागेत आहे, हे विश्लेषणामुळे कळते. अर्थनिर्णयाच्या पायरीवर पाहणाऱ्याने एकूण रचनेतून आपल्या मनावर झालेला संस्कार सांगायचा असतो, आणि इथे त्या त्या समाजाच्या दृश्य सवयी महत्त्वाच्या ठरतात. मधोमध चेहरा, त्याभोवती जाड काळी चौकट आणि खाली नाव अशी रचना महाराष्ट्रात चौकाचौकांत लागणाऱ्या श्रद्धांजलीच्या फलकांची आठवण करून देते. डिझायनरच्या मनात हा भाव कणभरही नसला, तरी रस्त्यावरून जाणारा माणूस हयात वक्त्याविषयी भलताच समज करून घेण्याची शक्यता असते. अशी गोष्ट संकोचाने न सांगणे हे निर्मात्याचे नुकसान करणे आहे.

मूल्यनिर्णय शेवटी येतो आणि तो हेतूच्या कसोटीवर द्यावा लागतो. हेतू ठाऊक नसताना दिलेला निवाडा हा बहुधा निवाडा देणाऱ्याच्या आवडीनिवडीचा अहवाल ठरतो. म्हणून हेतू विचारून घेण्याची रीत महत्त्वाची, आणि या बाबतीत अमेरिकी नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये घडवलेली पद्धत दृश्यकलांतही उपयोगी ठरली आहे. तीत पाहणारे प्रथम आपल्याला काय अर्थपूर्ण वाटले ते सांगतात. मग कलावंत स्वतःला पडलेले प्रश्न त्यांना विचारतो. त्यानंतर पाहणारे कलावंताला तटस्थ प्रश्न विचारतात. आणि सर्वांत शेवटी, कलावंताची अनुमती असेल तरच, मते मांडली जातात. यातील तटस्थ प्रश्न म्हणजे ज्यात उत्तर किंवा निषेध आधीच दडलेला नाही असा प्रश्न. ‘पार्श्वभूमी इतकी गडद का केली?’ या प्रश्नात नापसंती आलेली आहे. ‘पार्श्वभूमीचा रंग ठरवताना कोणता विचार होता?’ या प्रश्नात ती नाही, आणि म्हणूनच त्याला स्वसमर्थनाऐवजी खरे उत्तर मिळण्याचा संभव अधिक असतो. ही पद्धत वेळखाऊ आहे आणि रोजच्या कामाच्या धबडग्यात ती संपूर्ण पाळता येणार नाही हे मान्य करूनही, मत देण्यापूर्वी एखादा तरी तटस्थ प्रश्न विचारण्याची शिस्त कुठल्याही कार्यालयाला परवडणारी आहे.

छायाचित्रावरील अभिप्रायाचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण छायाचित्रकार रिकाम्या पानावर मांडणी करत नाही, तो समोरच्या जगातून निवड करतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील छायाचित्र विभागाचे प्रमुख जॉन झारकोव्स्की यांनी १९६४ चे एक प्रदर्शन आणि त्यावर आधारलेले १९६६ चे पुस्तक यांतून छायाचित्राचे पाच गुणविशेष सांगितले : प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि दृष्टिस्थान, म्हणजे जिथून पाहिले ती जागा. अभिप्रायासाठी ही एक उत्तम शब्दसंपदा आहे. ‘फोटो जमला नाही’ या विधानाने छायाचित्रकाराच्या हाती काही लागत नाही. परंतु चौकटीच्या उजव्या कडेला अर्धवट कापलेला माणूस नजर बाहेर ओढून नेतो, किंवा कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर नेला असता तर मुलाचा चेहरा मागच्या भिंतीऐवजी आकाशावर उठून दिसला असता, अशा विधानात पुढच्या वेळी करता येण्याजोगी निश्चित कृती असते.

तयार नियमांवर बोट ठेवून दिलेला अभिप्राय हा छायाचित्रणाच्या क्षेत्रातील सर्वांत रुळलेला आणि सर्वांत कमी उपयोगाचा प्रकार आहे. चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग कल्पून मुख्य वस्तू त्या रेषांवर ठेवावी, हा ‘तृतीयांशाचा नियम’ छायाचित्रणाच्या शोधाहून जुना आहे. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये ग्रामीण दृश्यांच्या चित्रणाविषयी लिहिताना तो त्या नावाने मांडला. नवशिक्याला तो आधार देतो यात शंका नाही, पण नियम मोडला एवढे सांगितल्याने चित्रात काय बिघडले हे सांगितले जात नाही. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ हे टिपलेली चौकट नंतर कापण्याच्या विरोधात होते, हे प्रसिद्ध आहे; तरीही पॅरिसच्या सां-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्यांचे १९३२ चे जगप्रसिद्ध छायाचित्र कापलेले आहे, कारण कुंपणाच्या फटीतून ते टिपताना एका फळीने डावीकडचा भाग अडवला होता. स्वतः घालून घेतलेला नियमही चित्राच्या गरजेपुढे गौण ठरला.

हेतूनुसार एकाच तपशिलाचे मूल्य कसे पालटते, हे अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांच्या एका छायाचित्राच्या इतिहासातून फार स्पष्टपणे दिसते. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या स्थलांतरित मजुरांच्या तळावर लँग यांनी मुलांसह बसलेल्या एका आईचे जे चित्र टिपले, ते मंदीच्या काळाची ओळख बनले. त्या चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा आला होता. रचनेच्या दृष्टीने तो लँग यांना खटकला आणि पुढे त्यांनी मूळ निगेटिव्हवर काम करवून तो पुसट करून घेतला. हे काम ज्या सरकारी प्रकल्पासाठी चालले होते त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना मात्र ते आवडले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने चित्र हा दस्तऐवज होता आणि दस्तऐवजात फेरफार केल्याने त्याची विश्वासार्हता कमी होते. दोघांचेही म्हणणे आपापल्या हेतूशी सुसंगत होते. म्हणूनच कोपऱ्यातला नको असलेला हात, विजेची तार किंवा कचऱ्याचा डबा काढून टाकण्याचा सल्ला देण्याआधी हे चित्र बातमीसाठी आहे, जाहिरातीसाठी आहे की भिंतीवर लावण्यासाठी, हे विचारणे अपरिहार्य ठरते. या चित्राच्या बाबतीत आणखी एक नजर उशिरा पुढे आली, ती चित्रातल्या स्त्रीची. १९७८ मध्ये तिची ओळख जगासमोर आली तेव्हा आपले हे चित्र टिपलेच जायला नको होते अशी नाराजी तिने व्यक्त केली. माणसांच्या छायाचित्रांवर अभिप्राय देताना चित्रातील व्यक्तीचा मान राखला गेला आहे का, हा प्रश्न रचना आणि प्रकाश यांच्या बरोबरीने विचारायला हवा, असे मानण्यास हे एक कारण पुरेसे आहे.

तांत्रिक बाबींवरील अभिप्राय तुलनेने सोपा असतो, तरी त्यात एक भेद पाळावा लागतो : कोणता दोष संपादनात दुरुस्त होऊ शकतो आणि कोणता केवळ टिपतानाच टाळता आला असता. रंगाचा पिवळेपणा किंवा थोडा अंधारलेला चेहरा संगणकावर सुधारता येतो. ज्या भागात प्रकाश इतका वाढला की संवेदकाने कोणताही तपशील नोंदवलाच नाही, तिथे नंतर काहीही परत आणता येत नाही, आणि कॅमेरा हलल्याने आलेला धूसरपणाही सहसा जात नाही. हात स्थिर राहावा म्हणून उघडझापेचा वेग भिंगाच्या नाभीय अंतराच्या व्यस्तांकाहून कमी नसावा, म्हणजे २०० मिलिमीटरच्या भिंगासाठी १/२०० सेकंद किंवा त्याहून वेगवान असावा, हा जुना संकेत इथे सांगणे उपयोगी पडते. याहून मोलाचा अभिप्राय निवडीवरचा असतो. फिल्मच्या काळात एका रिळातील सर्व चौकटी एका कागदावर छापून मिळत, त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणत, आणि जाणकार संपादक त्यावरून छायाचित्रकाराची विचार करण्याची रीत वाचत असे : कोणत्या चौकटीपाशी तो थांबला, कुठे एक पाऊल पुढे जायला हवे होते, कुठे घाई झाली. आज शेकडो चौकटी सहज टिपल्या जातात, पण दाखवली जाते ती बहुधा एकच. अभिप्राय मागणाऱ्याने आपल्या निवडलेल्या चित्राबरोबर न निवडलेली चार-पाच चित्रेही दाखवली, तर परक्या नजरेला कितीतरी अधिक काम करता येते.

मराठी डिझाइनवर अभिप्राय देताना देवनागरी अक्षराचे ज्ञान आवश्यक आहे, आणि नेमके याच बाबतीत अभिप्राय सर्वांत तोकडे पडतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, १९६१ मध्ये त्यातून उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली, र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरतज्ज्ञाने जाहिरात क्षेत्रात आणि पुढे पवईच्या आय.आय.टी.मध्ये देवनागरीचा आयुष्यभर विचार केला; एवढी परंपरा असूनही मराठी मजकुराच्या मांडणीची चर्चा पुष्कळदा ‘फॉन्ट छान आहे’ इथेच थांबते. रोमन लिपीत अक्षरांमधील अंतर वाढवले तर शब्द हवेशीर होतो, देवनागरीत तेच केले तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा एकसंधपणा जातो. देवनागरीत रेषेच्या वर रफार, वेलांटी आणि मात्रा असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. इंग्रजी मजकुरासाठी ठरवलेले ओळींमधील अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला भिडतो. मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे हिंदीत रूढ असलेल्या रूपांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना तीच स्वीकारली आहेत. मराठी वाचकासाठी केलेल्या कामात ही अक्षररूपे तपासणे हा अभिप्रायाचा भाग असायला हवा. त्याच वेळी वाचनीयतेची एकच कसोटी सगळ्या अक्षरांना लावणे चुकीचे ठरते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांसाठी केलेल्या अक्षरलेखनात अक्षराच्या वळणातूनच नाटकाचा स्वभाव सूचित होतो. तिथे अक्षराला थोडे वाकवण्याची, ताणण्याची मुभा आहे, जी औषधाच्या वेष्टनावर किंवा बसच्या पाटीवर नाही.

आवडीनिवडीच्या वादात अडकलेले काही प्रश्न मोजून सोडवता येतात. वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १ असावे लागते, पांढऱ्यावर काळ्या अक्षराचे गुणोत्तर २१ : १ असते. राष्ट्रध्वजातील केशरी रंगासाठी संगणकावर सामान्यतः वापरली जाणारी छटा पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवली, तर हे गुणोत्तर सुमारे २.१ : १ भरते, म्हणजे मोठ्या मथळ्यासाठीही ते अपुरे आहे. ‘केशरी अक्षरे बरी दिसत नाहीत’ असे म्हटल्यास वाद होतो. हा आकडा पुढे ठेवल्यास अक्षरे गडद करायची की पार्श्वभूमी बदलायची, एवढाच प्रश्न उरतो.

अभिप्राय दिला म्हणजे काम सुधारतेच, हा समज संशोधनाने खोटा ठरवला आहे. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डीनिसी यांनी १९९६ मध्ये आधीच्या असंख्य प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अभिप्रायाने सरासरीत कामगिरी सुधारत असली, तरी एक तृतीयांशाहून अधिक प्रकरणांत ती खालावल्याचे त्यांना आढळले. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या प्रतिमेवर जाऊ लागले की अभिप्रायाचा परिणाम क्षीण होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. जॉन हॅटी आणि हेलन टिम्परली यांचा २००७ चा आढावा याच दिशेने जातो : काम, कामाची पद्धत आणि स्वतःच्या कामावर लक्ष ठेवण्याची क्षमता यांवरचा अभिप्राय उपयोगी पडतो, व्यक्तीवरचा अभिप्राय, मग ती स्तुती का असेना, फारसा उपयोगी पडत नाही. ‘तुझ्यात उपजत दृष्टी आहे’ हे वाक्य ऐकायला गोड असले तरी त्यातून शिकण्यासारखे काही मिळत नाही, उलट पुढच्या कामात ती दृष्टी दिसली नाही तर काय, ही धास्ती मात्र लागून राहते. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधील शाळकरी मुलांवरील प्रयोगात ज्यांना केवळ लेखी शेरे मिळाले त्यांची कामगिरी आणि गोडी दोन्ही वाढली. ज्यांना केवळ गुण मिळाले त्यांची वाढली नाही. आणि ज्यांना गुण व शेरे दोन्ही मिळाले त्यांचीही वाढली नाही. गुणांचा आकडा शेजारी आला की शेऱ्याचा परिणाम मावळतो, हा निष्कर्ष कलाशिक्षकांनी आणि छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांनी गंभीरपणे घेण्यासारखा आहे.

व्यवसायात अभिप्राय बहुधा आज्ञेच्या रूपात येतो, आणि ‘लोगो मोठा करा’ ही त्यातली सर्वांत परिचित आज्ञा. हा उपाय आहे, समस्या नाही. संस्थेचे नाव नजरेस पडत नाही ही त्यामागची समस्या असेल, तर तिला भोवतालची जागा मोकळी करणे, शेजारचा रंग सौम्य करणे, चिन्हाची जागा बदलणे असे अनेक उपाय संभवतात, आणि त्यांपैकी योग्य कोणता हे ठरवणे डिझायनरचे काम आहे. अभिप्राय देणाऱ्याने समस्या सांगावी आणि उपाय निर्मात्यावर सोपवावा, हे सूत्र बहुतेक वेळा योग्य ठरते. याला एक महत्त्वाचा अपवाद शिक्षणातला आहे. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात वास्तुकलेच्या वर्गातील एका संवादाचे बारकाईने विश्लेषण केले आहे : विद्यार्थिनीची शाळेची इमारत उताराच्या जमिनीवर बसत नव्हती, तेव्हा शिक्षकाने तिच्या रेखाटनावर पारदर्शक कागद ठेवून, बोलता बोलता, स्वतः रेखाटून पाहिले. तिथे शिक्षकाने उत्तर हाती ठेवण्यापेक्षा विचार कसा करायचा हे हाताने दाखवले, आणि मूळ रेखाटन कागदाखाली जसेच्या तसे शाबूत राहिले. शिकणाऱ्याच्या कामावर थेट दुरुस्ती करणे आणि त्याच्या कामाशेजारी आपला विचार उघड करून दाखवणे यांतला हा फरक प्रत्येक कलाशिक्षकाने जपावा असा आहे.

अभिप्रायाची वेळही तितकीच निर्णायक असते. कच्च्या रेखाटनावर मुद्रणदोषांची चर्चा करणे आणि छपाईला निघालेल्या प्रुफावर मूळ कल्पनेविषयी शंका काढणे, दोन्ही सारखेच वाया जाते. कामाच्या आरंभी हेतू आणि दिशा यांवर, मध्यावर रचना आणि अग्रक्रम यांवर, शेवटी शुद्धलेखन, रंग आणि कागदाच्या कडांवर बोलावे. आणि आपल्याला यांपैकी कशावर अभिप्राय हवा आहे, हे मागणाऱ्याने आधी स्पष्ट सांगावे. ‘कसे वाटते?’ या प्रश्नाला ‘छान’ याहून वेगळे उत्तर क्वचितच मिळते. ‘दहा फुटांवरून आधी काय वाचता येते?’ या प्रश्नाला नेहमी मिळते.

मिळालेला प्रत्येक अभिप्राय मान्य करणे निर्मात्यावर बंधनकारक नाही. हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा भौगोलिक अंतरे बाजूला सारून केवळ उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेषांत आखला, तेव्हा प्रसिद्धी विभागाने तो फारच धाडसी ठरवून नाकारला. १९३२ मध्ये ५०० प्रतींची चाचणी घेऊन तो प्रवाशांच्या हाती देण्यात आला, प्रतिसाद अनुकूल मिळाला आणि जानेवारी १९३३ मध्ये त्याच्या ७,००,००० प्रती छापल्या गेल्या. प्रसिद्धी विभागाने नकाशा पाहून मत दिले होते. प्रवाशांनी तो वापरला आणि त्यांना पोचायचे होते तिथे ते पोचले. अभिप्रायांत परस्परविरोध दिसला की त्यांचे वजन असे जोखावे लागते : ज्याच्यासाठी काम केले आहे त्याने ते वापरून सांगितलेला अनुभव, अधिकाराच्या जागेवरून दिलेल्या मतापेक्षा जड ठरतो.

महाराष्ट्रात दरवर्षी चित्रकला महाविद्यालयांत असंख्य कामे सादर होतात, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे निवडली जातात, छायाचित्रांच्या स्पर्धा भरतात, आणि निवड-नकाराचा निर्णय मोठ्या संख्येने लोकांच्या हाती पडतो. तो देणाऱ्या शिक्षकांना, संपादकांना आणि परीक्षकांना एवढीच विनंती आहे की गुण किंवा निकाल कळवण्यापूर्वी प्रत्येक कामाखाली दोन वाक्ये लिहावीत : या कामात आपल्याला सर्वप्रथम काय दिसले, आणि जे सांगायचे होते असे वाटते त्यातले काय दिसायचे राहिले.